निसर्गोपचार कोणासाठीं?

देहास झालेली इजा देहच भरून काढतो, वैद्य केवळ निमित्तमात्र असतो, हें मत जगांत फार जुनें आहे. तें सर्वस्वीं खोटें असतें तर त्याचा परामर्श घेण्याचें कारण पडलें नसतें. अडचण ही आहे कीं, तें अर्धें खरें आहे. आणि अर्ध्या सत्यावर भार टाकून मनुष्य जितका निःशंकपणें धोक्यांत शिरतो तितका उघड असत्यावर भार टाकून शिरत नाहीं. अलीकडे ‘निसर्गोपचार’, ‘रोगप्रतिकारशक्ति’, ‘देहाची स्वयंशुद्धि’ हे शब्द ज्याच्या त्याच्या तोंडीं झाले आहेत. २०२० सालच्या करोनाच्या सांथीपासून तर काढे, चूर्णें व रस विकणारांचें या शब्दांवांचून पानहि हालत नाहीं. उलट पक्षीं, गोळी आणि सुई यांपलीकडे आरोग्याचें दुसरें कांहीं साधन असूं शकतें हेंच ज्यांस पटत नाहीं, असेहि सुशिक्षित पुष्कळ आहेत. या दोन पक्षांचा वाद ऐकतांना आम्हांस असें वाटतें कीं, दोघेहि मूळ प्रश्नास बगल देत आहेत. देह आपला आपण बरा होतो हें क्षणभर मान्य केलें, तरी कोणाचा देह, कोणत्या रोगांतून व कोणत्या परिस्थितींत, हें ठरविल्यावांचून त्या वाक्यास कांहीं अर्थ राहत नाहीं. हा प्रश्न नुसत्या तर्कानें सुटणारा नव्हे; म्हणून आज त्याचा विचार आम्ही एका रोगाच्या उदाहरणानें करणार आहों. तो रोग म्हणजे क्षय. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा एकट्या आपल्या देशांत आहे. आणि निसर्गाचें सामर्थ्य किती व त्याची मर्यादा कोठें, हें या रोगाइतकें स्पष्टपणें दुसरा रोग क्वचितच दाखवील.

प्रथम निसर्गवाद्यांच्या बाजूनें जें सांगण्यासारखें आहे तें मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. बोट कापलें म्हणजे रक्त आपोआप थिजतें, खपली धरते व तिच्याखालीं नवी कातडी येते. मोडलेलें हाड डॉक्टर जुळवून देतो, परंतु तें सांधतें स्वतःच. क्षयाचीहि गोष्ट आरंभीं अशीच आहे. रॉबर्ट कॉख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं ज्या जंतूच्या शोधाची घोषणा केली, तो हवेंतून फुप्फुसांत शिरतो. पण तो शिरला म्हणजे मनुष्य आजारी पडलाच असें नाहीं. ज्यांच्या देहांत हा जंतु वस्तीस येतो त्यांपैकीं सामान्यतः शेंकडा ९० किंवा त्याहूनहि अधिक माणसांस हा रोग जन्मांत होत नाहीं. देहाच्या रक्षक पेशी त्या जंतूंस गराडा घालतात, त्यांच्याभोंवतीं बारीक गांठ बांधतात आणि त्यांस तेथेंच कोंडून ठेवतात. आपल्या देशांतील कोट्यवधि माणसें अशा रीतीनें हा शत्रु छातींत बाळगून शेत नांगरीत आहेत, गिरणींत काम करीत आहेत, लेंकरें वाढवीत आहेत. आणि त्यांस त्याची वार्ताहि नाहीं. देहाच्या स्वशक्तीचा याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे? क्षयापासून सर्वांत अधिक माणसें जर कोणीं वांचविलीं असतील तर तीं त्यांच्या स्वतःच्या देहांनींच वांचविलीं आहेत, असें म्हणण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.

परंतु हा बंदोबस्त अभेद्य नसतो. उपासमार, मधुमेह, तंबाखू, दारू, एच्.आय्.व्ही.चा संसर्ग, दगडाच्या खाणींतील धूळ, वार्धक्य, यांपैकीं एखाद्या कारणानें देहाची पकड सैल झाली कीं कोंडलेले जंतु बाहेर पडतात. आणि मग जो रोग उद्भवतो त्यापुढें तीच स्वशक्ति बहुधा हतबल ठरते. औषधें निघण्यापूर्वींच्या काळाचे जे हिशेब उपलब्ध आहेत त्यांवरून असें दिसतें कीं, ज्यांच्या थुंकींत सूक्ष्मदर्शकाखालीं जंतु दिसत, अशा रोग्यांपैकीं शेंकडा सुमारें ७० दहा वर्षांच्या आंत मरण पावत. उरलेल्यांपैकीं कांहीं खरोखरच आपोआप बरे होत. जे बरे झाले ते आपल्या पथ्याची, आपल्या व्रताची, आपल्या मुळीची हकीकत सांगावयास मागें राहिले. जे गेले त्यांची साक्ष कोणीं घ्यावी? ‘अमक्याचा क्षय नुसत्या रसाहारानें गेला’ असें जेव्हां कोणी सांगतो, तेव्हां त्याच रसाहारावर विसंबून स्मशानांत गेलेल्या सात जणांचा जबाब कोणी लिहून घेतला आहे काय, एवढा प्रश्न विचारण्याची संवय आपल्या लोकांस लागली तर अर्धें काम झालें. आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंत १८८६ सालीं एम्.डी.ची पदवी मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. तेव्हां त्यांचें वय बावीस वर्षांचेंहि पुरें नव्हतें. त्यांच्याजवळ विद्या होती, मनाचें धैर्य होतें; परंतु त्या काळीं पूर्वेकडील वैद्याजवळ वा पश्चिमेकडील डॉक्टराजवळ या रोगावर औषध म्हणून नव्हतें. निसर्ग तेवढा होता, आणि तो पुरला नाहीं.

औषध नव्हतें तेव्हां शहाण्या माणसांनीं निसर्गाचाच आश्रय केला, यांत नवल नाहीं. डोंगरावर, पाइनच्या किंवा सुरूच्या बनांत, समुद्राकांठीं क्षयाचीं आरोग्यभुवनें निघालीं. उघडी हवा, ऊन, सक्त विश्रांति, दूध, अंडीं व नियमित आहार हाच तेथील उपचार. अशा ठिकाणीं रोग्यांस आराम पडे, रोग्यास घरापासून दूर ठेवल्यानें घरच्यांचाहि बचाव होईल अशी आशा असे. म्हणून त्या संस्थांविषयीं कृतघ्नपणाचा शब्द आम्ही काढणार नाहीं. पुढें १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला व १९५२ च्या सुमारास आयसोनायझिड हें स्वस्त औषध हातीं आलें. तेव्हां आपल्या देशापुढें प्रश्न उभा राहिला तो असा: रोगी लाखोंनीं आहेत, आरोग्यभुवनांतील खाटा मूठभर आहेत, ज्याच्या घरीं ना हवा, ना विश्रांति, ना दूध, अशा गरिबास घरींच औषध दिलें तर तो बरा होईल काय?

या प्रश्नाचें उत्तर वादविवादानें न देतां प्रयोगानें देण्यांत आलें, आणि तें आपल्याच देशांत देण्यांत आलें, ही अभिमानाची गोष्ट आहे. मद्रास शहरांत १९५६ सालीं क्षयावरील औषधोपचारांच्या संशोधनाचें केंद्र निघालें. शहरांतील गरीब व दाट वस्तींतील रोगी निवडून, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, कांहींस आरोग्यभुवनांत व कांहींस त्यांच्या घरींच ठेवण्यांत आलें. दोघांसहि औषध एकच, मुदत एक वर्षाची. आरोग्यभुवनांतील रोग्यांस उत्तम आहार, मोकळी हवा व विश्रांति होती. घरच्यांचा आहार निकृष्ट, जागा अपुरी आणि विश्रांति नांवाची. १९५९ सालीं या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हां जगांतील तज्ज्ञ चकित झाले. दोन्हीं गटांतील रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणांत बरे झाले होते! घरीं राहिलेल्या रोग्यामुळें कुटुंबांतील इतर माणसांस अधिक बाधा झाली, असेंहि आढळलें नाहीं. पुढें जगभर आरोग्यभुवनें बंद पडत गेलीं, त्यांच्या कारणांत हा प्रयोग प्रमुख आहे. जंतु एकदां मोकळे सुटल्यावर जें काम डोंगरावरील हवेनें व दुधातुपानें होत नव्हतें, तें झोंपडींत घेतलेल्या औषधानें झालें. हें सत्य निसर्गवाद्यांस कडू लागेल. पण औषधें कडू असतात म्हणून कोणी तीं नाकारीत नाहीं.

इतकें वाचून गोळीचे कैवारी मिशांवर ताव देऊं लागतील. त्यांस आमचें सांगणें असें कीं, त्यांनीं जरा थांबावें. मद्रासच्या प्रयोगानें एवढेंच सिद्ध केलें कीं, झालेला क्षय औषधानें बरा होतो. रोग मुळांत होऊंच नये यासाठीं काय करावें, हा प्रश्न त्यानें विचारलाच नव्हता. तो प्रश्न डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांचे सहकारी यांनीं झारखंडांतील चार जिल्ह्यांत विचारला. २०१९ ते २०२२ या काळांत त्यांनीं क्षयरोग्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसांवर नजर ठेवली. सर्व रोग्यांस औषधाबरोबर शिधा दिला. घरच्या इतर माणसांपैकीं मात्र एका गटास दरमहा माणशीं ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, आणि दुसऱ्या गटास त्यांच्या नेहमींच्या आहारावर राहूं दिलें. २०२३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सर्वांस शिधा मिळाला त्या घरांत नवा क्षय उद्भवण्याचें प्रमाण शेंकडा ३९ नें कमी झालें. आणि जो क्षय दुसऱ्यास लागतो त्याचें प्रमाण शेंकडा ४८ नें, म्हणजे जवळजवळ निम्म्यानें, घटलें. शिवाय असेंहि दिसून आलें कीं, उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचें वजन शेंकडा ५ नें वाढलें, त्यांस मरणाचा धोका इतरांहून पुष्कळच कमी होता.

तांदूळ आणि डाळ! यांत कोणतें रहस्य नाहीं, हिमालयांतील मुळी नाहीं, सोन्याचें भस्म नाहीं. देहाच्या ज्या स्वशक्तीचें एवढें स्तोत्र गाइलें जातें, ती शक्ति जेवली म्हणजे काम करते व उपाशी राहिली म्हणजे थकते, इतकाच याचा अर्थ. मद्रास व झारखंड या दोन प्रयोगांत विरोध पाहणारा मनुष्य उतावळा म्हटला पाहिजे. दोन्हीं मिळून एकच सिद्धांत सांगतात: रोग अडविण्याचें काम मुख्यतः देहाचें, आणि त्यासाठीं देहास अन्न, हवा व विश्रांति देणें हें समाजाचें काम, रोग बळावल्यावर तो हटविण्याचें काम औषधाचें, आणि तें शेवटच्या दिवसापर्यंत घेणें हें रोग्याचें काम. यांतील एक काम दुसऱ्यावर ढकललें कीं माणसें मरतात.

आतां या कसोटीवर आजच्या निसर्गभक्तांस घासून पाहूं. त्यांचा पहिला दोष असा कीं, जेथें औषध अवश्य आहे तेथें ते तें सोडावयास सांगतात. क्षयाचें औषध सुरू केल्यावर कांहीं आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप उतरतो, भूक लागते. बरें वाटणें आणि बरें होणें यांत महिन्यांचें अंतर आहे. साध्या क्षयासहि औषध बहुधा सहा महिने घ्यावें लागतें. नेमक्या या संधींत कोणी हितचिंतक येऊन सांगतो कीं, आतां त्या उष्ण गोळ्या पुरे, यापुढें काढा घ्या, देह आपली शुद्धि आपण करील. रोगी गोळ्या टाकतो. उरलेले चिवट जंतु औषधास दाद न देणारे होऊन उलटतात. आणि जो रोग स्वस्तांत गेला असता तो दुर्धर होऊन बसतो. दोन महिन्यांच्या गोळ्यांचें श्रेय काढ्यानें घेतलें आणि काढ्याचें अपश्रेय मात्र रोग्याच्या दैवावर गेलें! लसीविषयींचा आक्षेपहि असाच अविचारी आहे. बी.सी.जी.ची लस म्हणजे दुर्बल केलेल्या जंतूकडून देहास दिलेली तालीम होय; लहान मुलांस क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून तिनें संरक्षण मिळतें, आणि तें संरक्षण देहाच्या स्वतःच्याच पेशी देतात. देहाच्या शक्तीवर विश्वास असणारानें लसीस विरोध करणें म्हणजे शिपायावर भरंवसा ठेवून कवाइतीस विरोध करण्यासारखें आहे.

त्यांचा दुसरा दोष याहून मोठा आहे. निसर्गोपचार ही मूळची गरिबांची विद्या. माती, पाणी, ऊन, उपास व साधें अन्न यांस पैसा पडत नाहीं, म्हणून महात्मा गांधींस तिची ओढ लागली. पुण्यासारख्या शहरांत संस्था काढून गरिबांची सेवा होणार नाहीं, हें ध्यानीं येतांच त्यांनीं १९४६ च्या मार्चमध्यें उरुळी कांचन या खेड्यांत आपलें केंद्र काढलें, आणि मणिभाई देसाई यांनीं तें पुढें जन्मभर सांभाळलें. हेच गांधीजी १९२४ च्या जानेवारींत आंत्रपुच्छाच्या विकारानें आजारी पडले, तेव्हां ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांच्या हातून त्यांनीं शस्त्रक्रियाहि करून घेतली. त्यांचीं सर्वच मतें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं. लसीविषयींचें त्यांचें मत तर मुळींच मान्य नाहीं. पण निसर्गोपचार खेड्यांत गेला पाहिजे, ही त्यांची दृष्टि अचूक होती. आज त्याच नांवानें टेंकड्यांवर महालासारखीं विश्रामगृहें उभीं राहत आहेत. तेथें अतिभोजनानें शिणलेल्या धनिकास दिवसाला हजारों रुपये घेऊन उपाशी ठेवतात. ज्याचें पोट भरलेलें आहे त्यास उपास हा उपचार असेल. ज्याचें पोट रितें आहे त्यास उपास हाच रोग आहे.

गोळीच्या कैवाऱ्यांचा दोषहि लहान नाहीं. साध्या सर्दीपडशावर जंतुनाशक औषधांचा मारा करावयाचा, आणि क्षयाचा रोगी पुढें आला म्हणजे त्याच्या घरांत चूल किती वेळां पेटते हें विचारावयाचेंहि नाहीं, असा क्रम पुष्कळ दवाखान्यांतून चालतो. सरकारनें २०१८ पासून क्षयरोग्यास पोषणासाठीं दरमहा ५०० रुपये देण्यास सुरुवात केली व नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० केली, हें योग्य झालें. रोग्याच्या घरच्यांसहि शिध्याच्या योजनेंत सामील करण्याचें २०२४ सालीं जाहीर झालें, हेंहि योग्य झालें. पण घरच्यांचा हा शिधा मुख्यतः दात्यांच्या औदार्यावर सोंपविलेला आहे. आणि झारखंडानें ज्याचें मोल मोजून दाखविलें तें दान नव्हे, तो उपचार आहे. औषधाची गोळी आम्ही कोणाच्या दातृत्वावर सोडीत नाहीं. मग तांदूळ-डाळच कां सोडावी? रोग्याच्या नांवाची नोंद झाली कीं त्याच्या घरांतील प्रत्येक माणसाचा शिधा त्याच महिन्यांत दारीं यावा, असा नियम झाला पाहिजे.

याप्रमाणेंच हवेचें आहे. पूर्वीं डोंगरावर जाऊन जी हवा घेत, ती ज्या घरांत मनुष्य राहतो तेथेंच त्यास मिळाली पाहिजे. मुंबईंत गोवंडी-मानखुर्दच्या बाजूस झोंपड्यांतून उठवून आणलेल्या माणसांसाठीं ज्या इमारती बांधल्या, त्यांपैकीं कांहीं एकमेकींस इतक्या खेटून आहेत कीं खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. असें घर बांधण्यास परवानगी देणारी सही ही क्षयास दिलेली परवानगी होय. नगरपालिकेच्या बांधकाम-नियमांत दोन भिंतींमधील अंतर किती फूट असावें, हा आमच्या मतें निसर्गोपचारांतील अत्यंत महत्त्वाचा प्रश्न आहे. आणि तो एकहि निसर्गोपचारक विचारीत नाहीं.

परंतु सर्व दोष सरकारच्या माथीं मारून आपण मोकळे होऊं पाहूं तर तें चालणार नाहीं. आपल्या घरांतील पंगतीचा क्रम कोणत्या कायद्यानें ठरविला आहे? अजूनहि असंख्य घरांत पुरुष आधीं जेवतात, मग मुलें, आणि सर्वांत शेवटीं सून. भांड्यांत डाळ उरली तर तिला, न उरली तर चटणी-भाकर. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणी रक्तक्षयानें पीडित आढळल्या. हा आंकडा निसर्गानें दिलेला नाहीं. त्यांतील मोठा वांटा आपल्या पंगतीनें दिला आहे. घरीं शिधा आला तरी तो जर याच क्रमानें वाढला जाणार असेल, तर जिला त्याची अत्यंत गरज तिच्यापर्यंत तो पोंचणारच नाहीं. त्यांतून तिला खोकला झाला कीं तो लपवावयाचा. मुलीस झाला तर लग्न मोडेल म्हणून दवाखान्याचें तोंड पाहूं द्यावयाचें नाहीं. सुनेस झाला तर तिला माहेरीं पाठवून द्यावयाचें! योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्यास बाधा होण्याचें भय झपाट्यानें कमी होतें, हें शास्त्र सांगतें. तरी आपण तिचें ताट-वाटी वर्षभर निराळें ठेवतों. ज्या समाजांत रोगापेक्षां रोगाचें नांव अधिक भयंकर मानतात, तेथें औषध फुकट असूनहि महाग पडतें.

म्हणून आमचें मागणें सर्वांजवळ थोडें थोडें आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी; क्षय ठरला तर औषध सांगितलेल्या मुदतीच्या एक दिवसहि अलीकडे सोडूं नये; आणि जो तें सोडावयास सांगेल तो वैद्य असो, बुवा असो किंवा आप्त असो, त्यास दाराबाहेरचा रस्ता दाखवावा. डॉक्टरांनीं रोग्याचें वजन करावें व त्याच्या घरीं खाणारीं तोंडें किती हें लिहून घ्यावें. सरकारनें शिधा हा औषधाचाच भाग मानावा. निसर्गाच्या नांवावर ज्यांनीं पैसा मिळविला त्यांनीं तो क्षयरोग्यांच्या घरीं धान्याच्या रूपानें पोंचवावा; देहाच्या स्वशक्तीवर त्यांची खरोखर श्रद्धा असेल तर ती दाखविण्याचा याहून सरळ मार्ग नाहीं. आणि प्रत्येक गृहस्थानें आज रात्रीं आपल्या घरांत शेवटीं कोण जेवतें व तिच्या ताटांत काय असतें, हें स्वतः उठून पाहावें. निसर्ग आपलें काम करण्यास सदैव तयार आहे. त्याला लागणारी भाकरी त्याच्यापुढें ठेवणें हें मात्र आपलें काम आहे, आणि तें आपण अद्याप केलेलें नाहीं.